पत्रांची चाळणी



आज मीं बोलावयास घेतलेला विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ई-मेलनें येणाऱ्या पत्रांची व्यवस्था कशी लागत गेली, त्यांना कप्पे कसे मिळाले, खुणा कशा मिळाल्या, आणि निवडण्याचें काम माणसाच्या हातून यंत्राच्या हातीं कसकसें गेलें, याचा हा इतिहास आहे. यांत लढाया नाहींत, तह नाहींत, सिंहासनेंहि नाहींत. तथापि ज्यांच्या पेटींत रोज सकाळीं पन्नास-साठ पत्रें येऊन पडतात आणि त्यांतलें एखादेंच खरोखर वाचावयाचें असतें, त्यांना हा इतिहास परका वाटणार नाहीं. मला स्वतःला तो माझ्या एका चुकीमुळें अभ्यासावासा वाटला. ती चूक कोणती तें अखेरीस सांगेन.

प्रथम जुन्या काळाकडे पाहूं. पत्रें फार झालीं म्हणजे तीं लावून ठेवावीं लागतात, ही अडचण आजकालची नव्हे. पुण्याचें पेशवे दप्तर ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना तेथील रुमाल आठवत असतील. कागदांचे गठ्ठे कापडांत बांधून रचून ठेवावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत. पुढें कचेऱ्यांतून आवक-जावक बारनिशी आली. टपाल आलें कीं कारकून त्यावर क्रमांक घाली, तारखेचा शिक्का मारी, निकडीच्या कागदावर तसा शेरा लिही, आणि मग तो कागद ज्याच्या त्याच्या टेबलाकडे पाठवी. या कारकुनाच्या कामाचे नीट पाहिल्यास तीन भाग पडतात. पत्र कोणतें आहे तें ओळखणें हा पहिला भाग. त्यावर खूण करणें हा दुसरा. आणि तें योग्य जागीं ठेवणें हा तिसरा. आज ज्यांना आपण फिल्टर, फ्लॅग आणि फोल्डर म्हणतों तीं हींच तीन कामें होत.

परंतु कागदी टपालाला आणखी एक चाळणी होती आणि ती सहसा आपल्या लक्षांत येत नसे. पत्र धाडणारास कागद, शाई, वेळ आणि तिकीट यांचा खर्च पडे. त्यामुळें कित्येक निरर्थक पत्रें मुळांत लिहिलींच जात नसत. ई-मेलनें ही चाळणी काढून घेतली. शंभर जणांना पत्र धाडावयास एकाला धाडण्याइतकेच श्रम पुरूं लागले. धाडणाराच्या डोक्यावरचा भार उतरला आणि तो घेणाराच्या डोक्यावर चढला. पुढची बहुतेक कथा या एका फरकांतून निघाली आहे.

कथेचा आरंभ १९६५ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत होतो. तेथें एक मोठा संगणक होता आणि तो एकाच वेळीं पुष्कळ जणांना वापरतां येत असे. टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस या दोघांनीं त्यावर एकमेकांसाठीं निरोप ठेवण्याची सोय केली. ज्याच्या नांवें निरोप असेल त्याच्या खात्यांतील एका फाईलीला तो जोडला जाई. धाडणारा आणि घेणारा हे दोघेहि एकाच यंत्राचे आश्रित असत. एका घरांतल्या माणसांनीं कोनाड्यांत चिठ्ठ्या ठेवाव्यात, तसा हा प्रकार होता.

१९७१ सालीं ही चिठ्ठी घराबाहेर पडली. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनींतले रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडून दाखविलें. दोन्ही यंत्रें वस्तुतः शेजारीं शेजारींच उभीं होतीं. परंतु त्यांच्यामधला संबंध अर्पानेट या नव्या जाळ्यांतूनच होता. माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव यांच्यामध्यें टॉमलिन्सन यांनीं जें ‘ऍट’चें चिन्ह घातलें, तें आज पोरासोरांनाहि ठाऊक आहे.

पत्र धाडण्याची सोय अशी झाली, परंतु तें वाचण्याची सोय फारच अडाणी होती. पेटी उघडली म्हणजे पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत सर्व मजकूर एकसलग बाहेर पडे. मधलें एखादें पत्र तेवढें पाहावें म्हटलें तर इलाज नसे. एखाद्यानें आठवड्याचें टपाल एका लांबलचक कागदावर लिहून, त्याची गुंडाळी करून आपल्या हातीं द्यावी, आणि आपण ती टोंकापासून टोंकापर्यंत उलगडीत बसावें, अशी ती स्थिति होती.

या गुंडाळीला प्रथम कंटाळले ते एक वरिष्ठ अधिकारी. अर्पानेटला पैसा पुरविणारी जी अर्पा नांवाची सरकारी संस्था, तिचे संचालक स्टीफन लुकासिक यांना ई-मेलची फार आवड लागली होती. आवड लागली म्हणून टपाल वाढलें, आणि टपाल वाढलें म्हणून त्रास वाढला. त्यांनीं आपली तक्रार लॅरी रॉबर्ट्स यांच्यापाशीं केली. रॉबर्ट्स हे त्याच संस्थेंतील संगणक-शाखेचे प्रमुख आणि अर्पानेटच्या उभारणीचे सूत्रधार. त्यांनीं १९७२ सालीं ‘आरडी’ नांवाचा एक छोटासा प्रोग्रॅम स्वतः लिहून काढला. त्यांत पत्रांची यादी दिसे. यादींतून हवें तें पत्र उघडतां येई, ठेवून देतां येई, दुसऱ्याकडे पाठवितां येई किंवा काढून टाकतां येई. आज या गोष्टींचें कौतुक कोणासहि वाटणार नाहीं. परंतु वाचणाराला आपल्या टपालावर सत्ता मिळाली ती येथें.

पुढच्याच वर्षीं अर्पानें चौकशी केली तेव्हां असें आढळलें कीं, या जाळ्यावरील रहदारीपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश भाग ई-मेलचाच होता. संशोधकांनीं दूरच्या यंत्रांवर गणितें करावींत म्हणून जें जाळें विणलें, त्यावर माणसें एकमेकांशीं बोलत बसलीं होतीं.

त्याच १९७३ सालीं आणखी एक गोष्ट झाली. ती दिसावयास रुक्ष, परंतु आपल्या विषयाचा पाया तीच आहे. निरनिराळ्या यंत्रांवरचे लोक पत्राचा मायना निरनिराळ्या तऱ्हेनें लिहीत. माणूस मायना कसाहि असला तरी समजून घेतो. यंत्राला तें साधत नाहीं. म्हणून चौघांनीं मिळून एक टिपण प्रसिद्ध केलें. पत्राच्या माथ्यावर कोणाकडून, कोणत्या विषयावर आणि केव्हां, या ओळी ठराविक शब्दांनीं लिहाव्यात असें त्यांनीं सुचविलें. या चौघांत टॉमलिन्सन तर होतेच, परंतु पहिलें नांव होतें अभय भूषण यांचें. कानपूरच्या आय.आय.टी.ची जी पहिली तुकडी १९६५ सालीं बाहेर पडली तींतले हे पदवीधर. जाळ्यावरून फाईली नेण्याआणण्याचे आरंभीचे नियमहि त्यांनींच लिहिले होते. पत्राचें कपाळ असें नीट आंखून दिल्यामुळें पुढें यंत्राला तें वाचतां आलें. आणि जें वाचतां येतें तेंच निवडतां येतें.

यानंतर सुधारणा भराभर होत गेल्या. १९७५ सालीं जॉन व्हिट्टल यांनीं ‘एमएसजी’ नांवाचा प्रोग्रॅम केला. त्यांत उत्तर देण्याची स्वतंत्र आज्ञा होती. ती दिली कीं पत्ता आपोआप भरला जाई. दुसरी आज्ञा होती पत्र हलविण्याची. पूर्वी पत्राची नक्कल दुसरीकडे ठेवून मग मूळ पत्र वेगळें पुसावें लागे. व्हिट्टल यांनीं या दोन क्रियांची एक क्रिया केली. पुढें कॅलिफोर्नियांतील रँड या संस्थेंत नॉर्मन शापिरो आणि स्टॉकटन गेन्स यांनीं १९७७ सालीं एक कल्पना मांडली. प्रत्येक पत्र म्हणजे एक स्वतंत्र फाईल असावी आणि पत्रांचा कप्पा म्हणजे संगणकावरील साधी डिरेक्टरी असावी, अशी ती कल्पना. १९७९ सालीं ब्रूस बॉर्डन यांनीं ती ‘एमएच’ या नांवानें प्रत्यक्षांत आणली. एका लांब गुंडाळीचे अशा रीतीनें सुटे कागद झाले, आणि सुट्या कागदांना खण मिळाले.

इतकें होईपर्यंत टपालाचें स्वरूपहि पालटूं लागलें होतें. १९७५ च्या नोव्हेंबरांत जॉन पोस्टेल यांनीं निरुपयोगी टपालाच्या प्रश्नावर एक लहानसें टिपण लिहिलें. एखादें यंत्र भलतीं पत्रें धाडीत सुटलें तर त्यांना दारांतच अडविण्याची सोय या जाळ्यांत नाहीं, असें त्यांनीं दाखवून दिलें. त्यांची भीति तीन वर्षांच्या आंत खरी झाली. १९७८ च्या मे महिन्यांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थर्क यांनीं आपल्या नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळीं सुमारें चारशें लोकांना धाडली. पत्त्यांची यादी इतकी लांबली कीं, ती ठरलेल्या जागेंत न मावतां पत्राच्या मजकुरांत सांडली. लोक संतापले, ज्यांचें जाळें त्यांनीं समज दिली, आणि प्रकरण तेवढ्यावर मिटलें. परंतु दार कोठें उघडें आहे तें कळून चुकलें होतें. १९८२ च्या मार्चमध्यें पीटर डेनिंग यांनीं अमेरिकेंतील संगणकशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेचे अध्यक्ष या नात्यानें याच विषयावर लेख लिहिला. माहिती निर्माण करण्याकडे आपण फार लक्ष दिलें, ती घेणाऱ्या माणसाकडे मात्र लक्ष दिलें नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता.

आतां खुणांकडे वळूं. १९८६ सालीं स्टॅनफर्ड येथें मार्क क्रिस्पिन यांनीं ‘आयमॅप’ नांवाची पद्धति काढली. तिच्यामुळें पत्रें एका मध्यवर्ती संगणकावर राहूं शकलीं आणि माणूस कोणत्याहि यंत्रावरून तीं पाहूं लागला. पत्रें जशीं मध्यावर राहिलीं तशा त्यांवरील खुणाहि राहिल्या. पत्र पाहिलें, त्याचें उत्तर दिलें, तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे, तें काढून टाकावयाचें आहे, अशा या खुणा. घरीं वाचलेलें पत्र कचेरींत पुन्हां न वाचलेलें दिसत नाहीं तें यामुळेंच.

या खुणांत एक शहाणपण आहे, त्याकडे मी आपलें मुद्दाम लक्ष वेधतों. ‘काढून टाकावयाचें’ ही येथें केवळ खूण आहे. ती केल्यानें पत्र नाहींसें होत नाहीं. नाहींसें करण्याची आज्ञा वेगळी, आणि ती दिली जाईपर्यंत ती खूण केव्हांहि पुसतां येते. रागाच्या किंवा घाईच्या एका क्षणीं हातून झालेलें कृत्य परत घेण्यास मधें जागा ठेवलेली आहे. आपल्या घरीं रद्दी एकदम विकून न टाकतां चार दिवस जिन्याखालीं ठेवतात, त्यांतलाच हा विचार.

कप्पे झाले, खुणा झाल्या. राहिली ती चाळणी. कारकुनाचें काम यंत्रानें आपण होऊन करावें, हा प्रयत्न १९८७ सालीं मॅसॅच्युसेट्समध्येंच थॉमस मॅलोन आणि त्यांचे सहकारी यांनीं ‘इन्फर्मेशन लेन्स’ या नांवानें मांडला. पत्र अमक्याकडून असेल तर तें तमक्या कप्प्यांत घाल, अशा साध्या ‘जर-तर’च्या वाक्यांनीं सामान्य माणसानेंहि आपले नियम सांगावेत, ही त्यांची दृष्टि होती. १९९० च्या सुमारास स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनीं ‘प्रॉकमेल’ लिहिलें. त्यांतल्या नियमांना पाककृति म्हणत. मात्र त्या पाककृति वाचणें हें येरागबाळ्याचें काम नव्हतें. एखादें चिन्ह चुकलें तर सबंध टपाल भलत्या ठिकाणीं जाई. उलट ‘युडोरा’ हा प्रोग्रॅम घरगुती संगणकासाठीं होता. इलिनॉय विद्यापीठांतील स्टीव्ह डॉर्नर यांनीं तो १९८८ सालीं लिहिला, आणि पोस्टांत राहावयास गेलेल्या एका स्त्रीची गोष्ट लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या लेखिकेचें नांव त्याला दिलें. पुढच्या काळांत त्यांतहि नियम करण्याची सोय आली. हिंदुस्थानांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वसामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेट खुलें केलें आणि मुंबईच्या घराघरांतून ही नवी पेटी हळूहळू येऊं लागली. म्हणजे आपल्याकडे पत्र आणि चाळणी यांचें आगमन जवळजवळ बरोबरच झालें.

२००१ च्या जानेवारींत टिम शोवॉल्टर यांनीं लिहिलेलें एक मानक प्रसिद्ध झालें. टपाल निवडण्याचे नियम लिहिण्यासाठीं ती एक छोटीशी भाषाच आहे आणि तिचें नांवहि ‘सीव्ह’, म्हणजे चाळणी, असेंच आहे. या भाषेंत पुष्कळ गोष्टी करतां येत नाहींत, आणि त्या मुद्दाम येऊं दिलेल्या नाहींत. तिच्यांत फेरे घालण्याची सोय नाहीं; कारण नियम मध्यवर्ती यंत्रावर चालतात, आणि एकाचा वेडावाकडा नियम गरगर फिरत राहिला तर दहा जणांचें टपाल अडेल. पत्र जवळ ठेवणें, कप्प्यांत घालणें, दुसरीकडे पाठविणें किंवा टाकून देणें, एवढ्याच मुख्य आज्ञा.

या भाषेचा आत्मा मात्र तिच्या एका न लिहिलेल्या आज्ञेंत आहे. एखाद्या पत्राला कोणताच नियम लागू पडला नाहीं, तर त्याचें काय करावयाचें? तर तें पुढच्या पेटींत, मालकाच्या डोळ्यांसमोर ठेवावयाचें. नियम चालवितांना चूक होऊन चाळणी मध्येंच थांबली, तर? तरीहि पत्र मालकाच्या डोळ्यांसमोरच ठेवावयाचें. टाकून देण्यासाठीं स्पष्ट आज्ञा लागते. ठेवण्यासाठीं लागत नाहीं. चांगला कारकून हेंच करीत असे. ज्या कागदाचा उलगडा होत नाहीं तो तो फाडीत नसे. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवीत असे.

याच तत्त्वाचा दुसरा दाखला नको असलेल्या टपालाच्या लढाईंत सांपडतो. जाहिराती आणि फसवणुकीचीं पत्रें एवढीं वाढलीं कीं, माणसानें हातानें लिहिलेले नियम अपुरे पडूं लागले. तेव्हां टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचें संभाव्यतेचें गणित कामास आलें. बेझ १७६१ सालीं वारले आणि त्यांचा निबंध १७६३ सालीं मागाहून छापला गेला. त्या गणिताच्या आधारें १९९८ सालीं कांहीं संशोधकांनीं टपाल पारखून दाखविलें, आणि २००२ च्या ऑगस्टमध्यें पॉल ग्रॅहम यांच्या एका लेखानें ही युक्ति सर्वतोमुखीं केली. चांगल्या पत्रांत कोणते शब्द किती वेळां येतात आणि वाईट पत्रांत किती वेळां, हें मोजून नव्या पत्राची पारख करावयाची. येथें ग्रॅहम यांनीं केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चांगल्या पत्रांत आलेला शब्द ते दुप्पट मोजीत. कारण उघड आहे. दहा जाहिराती आंत शिरल्या तर मिनिटभराचा त्रास. परंतु एक खरें पत्र जाहिरात म्हणून बाहेर गेलें तर त्याची भरपाई कशानेंच होत नाहीं. म्हणून त्यांनीं तराजूचें पारडें जाणूनबुजून क्षमेकडे झुकतें ठेवलें.

अलीकडच्या काळाचें थोडक्यांत सांगतों. १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल आणलें. एक गिगाबाइट जागा फुकट, हें ऐकून कित्येकांना ती एप्रिलची थट्टा वाटली. त्यांत फोल्डरांच्या जागीं लेबलें आलीं. कागद एकाच खणांत राहूं शकतो; लेबलें मात्र एका पत्रावर चार लावतां येतात. घराच्या करासंबंधीं भावाचें पत्र आलें तर तें ‘घर’, ‘कर’ आणि ‘भाऊ’ या तिन्ही नांवांखालीं सांपडतें. पुढें २०१३ सालीं त्याच कंपनीनें जाहिरातींचीं पत्रें एका बाजूस, मित्रमंडळींचीं दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी यंत्राकडूनच करवून द्यावयास आरंभ केला. रॉबर्ट्स यांनीं वाचणाराच्या हातीं दिलेली निवड अशी पुष्कळशी पुन्हां यंत्राच्या हातीं गेली. फरक एवढाच कीं, पूर्वीचा नियम आपण लिहिलेला असे आणि तो वाचून पाहतां येत असे. हा नियम आपल्याला दिसत नाहीं.

मग इतके कप्पे करण्याचा खटाटोप करावा तरी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला थोडें उत्तर मिळालें आहे. स्टीव्ह व्हिटकर आणि आय.बी.एम.मधील संशोधक यांनीं २०११ सालीं ३४५ माणसांनीं जुनीं पत्रें हुडकण्याचे ८५,००० हून अधिक प्रसंग तपासले. कप्प्यांतून हुडकावयास सरासरी सुमारें ५८ सेकंद लागत, आणि शब्द घालून शोधावयास सुमारें १७. ज्यांनीं कप्प्यांची मोठी उतरंड रचली होती, त्यांना पत्र सांपडण्यांत अधिक यश आलें असेंहि दिसलें नाहीं. हे आंकडे अर्थपूर्ण आहेत. परंतु ते ज्या पत्राविषयीं बोलतात तें हुडकावयाचें आहे हें माणसाला ठाऊक असतें. जें पत्र आलें आहे हेंच ठाऊक नाहीं, तें कोण कसें हुडकणार?

आणि येथें मी माझ्या चुकीपाशीं येतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका मंडळाचा सभासद होतों. त्या मंडळाकडून सूचनांचा पाऊस पडत असे: सभा ठरली, सभा पुढें ढकलली, सभेचा वृत्तांत, वृत्तांताची दुरुस्ती. एका संध्याकाळीं मीं कंटाळून एक नियम केला. ज्या पत्राच्या विषयांत ‘सभा’ हीं अक्षरें असतील तें एका बाजूच्या कप्प्यांत जावें. आणि न वाचलेल्या पत्रांचा आंकडा डोळ्यांना खुपूं नये म्हणून त्यावर ‘वाचलें’ अशी खूणहि व्हावी. नियम उत्तम चालला. मंडळाचें सभासदत्व मीं पुढें सोडलें; नियम मात्र तसाच राहिला.

शाळेंत असतांना आमचे एक गुरुजी दर शनिवारीं दुपारीं पांचसहा मुलांना घरीं बोलावून पुस्तकें वाचून दाखवीत. त्या बैठकीला आम्ही पोरें मोठ्या ऐटीनें ‘सभा’ म्हणत असूं. गुरुजी ऐंशीच्या घरांत गेल्यावर नातवाकडून ई-मेल शिकले. त्यांनीं मला एक पत्र लिहिलें आणि विषय घातला ‘आपली शनिवारची सभा’. दृष्टि अधू झाल्यामुळें आतां स्वतःला वाचवत नाहीं; एखाद्या शनिवारीं येऊन तूं मला वाचून दाखवशील कां, एवढाच मजकूर होता. यंत्रानें माझी आज्ञा तंतोतंत पाळली. पत्र बाजूला गेलें, आणि मीं न पाहिलेल्या त्या पत्रावर ‘वाचलें’ अशी खूण उमटली. पांच महिन्यांनीं जुने कप्पे झाडतांना तें मला सांपडलें. मधल्या काळांत गुरुजी निवर्तले होते. त्यांच्या अंत्ययात्रेला मी गेलों होतों. त्यांनीं मला बोलावलें होतें हें तेव्हां मला ठाऊक नव्हतें.

यंत्राला दोष देण्यास मला जागा नाहीं. सीव्हच्या त्या न लिहिलेल्या आज्ञेनेंहि मला वाचविलें नसतें, कारण माझा नियम लागू पडला होता. यंत्र अक्षरें पाहतें. ‘सभा’ काय आणि ‘सभासद’ काय, त्याला सारखेंच. चूक माझी होती आणि ती तिहेरी होती. धाडणाराचा पत्ता पाहावयाचा सोडून मीं एका शब्दावर नियम बसविला. कारण संपल्यावरहि नियम काढला नाहीं. आणि तिसरी सर्वांत मोठी: जी खूण माणसाच्या डोळ्यांनीं करावयाची ती मीं यंत्राला करावयास सांगितली. पत्र कप्प्यांत गेलें तरी न वाचलेलें दिसलें असतें तर केव्हां तरी नजर गेली असती.

तेव्हांपासून मीं तीन गोष्टी ठरविल्या आहेत. त्या आपल्यापुढें ठेवतों. नियम शक्यतों धाडणाराच्या पत्त्यावर करावा, शब्दावर करूं नये. जें आपण वाचलें नाहीं त्यावर ‘वाचलें’ ही खूण कोणासहि करूं देऊं नये. आणि महिन्यांतून एकदां, अमावास्येला घर झाडतात तसें, सर्व कप्पे आणि सर्व नियम उघडून पाहावेत. नको असलेल्या टपालाचा कप्पाहि त्यांत धरावा.

रॉबर्ट्स, क्रिस्पिन, शोवॉल्टर, ग्रॅहम या मंडळींनीं आपापल्या परीनें एकच काळजी घेतली होती: संशय आला तर पत्र राखावें, टाकलेलें परत घेतां यावें, आणि अखेरचा निवाडा वाचणाराकडे राहावा. त्यांनीं आपल्या हातीं चाळणी दिली. धान्य चाळतांना आपल्या घरांतील बायका चाळणीच्या वर राहिलेलें तसेंच फेंकून देत नाहींत. तें सुपांत घेऊन, खिडकीशीं उजेडांत बसून, एकवार बोटांनीं निवडतात. कारण खड्यांबरोबर दाणेहि वर राहतात हें त्यांना ठाऊक असतें. आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपणहि आपला एखादा जुना कप्पा उघडून पाहावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.